तक्रार न करणारी कूर्चा

अक्षय्य तृतीया: पूर्णा येथील गोदामात पॅकिंगच्या रांगेतून बायकांची स्टुले उचलली गेली. जबाबदार, शिफ्टचे सुपरवायझर.

श्रावणातला पहिला सोमवार: स्टुलांबद्दलचे माझे पत्र पोचले, पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. जबाबदार, गोदामाचे व्यवस्थापक.

दसरा: त्याच रांगेत उभी राहणारी माझी पत्नी म्हणाली, "उद्यापासून जात न्हाय." मी तिला पुन्हा पाठवले. जबाबदार, मी.

कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. लेखी उत्तर हाती आल्याखेरीज जागा सोडू नये, सोडणाऱ्याची बाजू दुबळी होते, हे मी प्रत्येकाला बजावत आलो. तेच घरी बजावले.

"तुमचा कागद उभा ऱ्हातो का माझ्या जागी?" तिने विचारले.

"उत्तर येऊ दे."

"मंग गुडघ्याला बी पुढची तारीख द्या!"

आम्ही दोघेही हसलो. ते हसू मला आता सोसवत नाही.

पौषात तिला बसच्या पायऱ्या उतरता येईनात. डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडात धरली. मी पुरावा शोधत होतो; ते म्हणाले, कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरची गुळगुळीत गादी, यात दिसतच नाही. दिसते ती दोन हाडांमध्ये तिने राखलेली फट. पत्नीच्या उजव्या गुडघ्यात ती फट जवळजवळ मिटली होती. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतूही नसतात. पाऊल पडते, उचलते, तेव्हा ती दबते, सुटते, आणि सांध्यातल्या पाण्यावर जगते. एका जागी तासन् तास उभे राहणे तिला मानवत नाही. वय आणि वजन हीही कारणे डॉक्टरांनी सांगितली. ती मी लपवीत नाही. पण झिजताना ती दुखत नाही, असेही ते म्हणाले. दुसऱ्यांच्या तक्रारी लिहून पोट भरणाऱ्याच्या घरात, तक्रार न करता काहीतरी संपत होते.

आमच्या आळीतल्या मटणवाल्यांकडून मी नेहमी चबनी हड्डी, म्हणजे दाताखाली कुरकुरणारी कूर्चाच, मागून घेत असे. परवा त्यांनी बकऱ्याच्या मांडीचा सांधा उघडून दाखवला. हाडाच्या टोकावर निळसर पांढरी, ओली, आरशासारखी गुळगुळीत टोपी.

"चाचा, ये घिस गई तो बकरा भी बैठ जाता है," ते म्हणाले. "आज कितनी दूँ?"

मी रिकामी पिशवी घेऊन परतलो. दाताखाली ती मोडताना होणारा आवाज आणि जिना चढताना पत्नीच्या गुडघ्यातून येणारा आवाज एकच होता. कित्येक वर्षे तो मी चवीने ऐकला.

आता ती जिना चढत नाही. खाली ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसते. भर दुपारी मी वरच्या खोलीत पत्र लिहायला घेतो आणि जिन्यावर तो आवाज येतो. एक पायरी. थांबणे. दुसरी पायरी. मी वाकून पाहतो. जिना रिकामा असतो. खालून शेंगा मोडल्याचे ऐकू येते. मग लेखणी चालत नाही.

रांगेतल्या बाकीच्या बायका आजही उभ्या आहेत. म्हणून, या वेळी मला लेखी उत्तर नको. व्यवस्थापकांनी शिफ्ट बदलताना गोदामाच्या फाटकावर, त्या बायकांसमोर, तोंडाने सांगावे: स्टुले कोणाच्या हुकमाने उचलली, आणि परत कधी ठेवणार? माझ्या पत्नीसाठी स्टूल मी घरून आणीन. दसऱ्याला तिला पुन्हा का पाठवले, हे माझ्या वाट्याचे उत्तर मी तिथेच, तिच्यासमोर उभा राहून देईन.