आवाज बारावर

आमच्या शेजारच्या दारावर नावाची पाटी आहे, पण ती वाचून कोणी येत नाही. सगळे "बटणकाका आहेत का?" असंच विचारत येतात. चाळीस वर्षं टीव्ही आणि त्यांचे रिमोट दुरुस्त करणाऱ्या या माणसाचा गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कोणतं बटण?" त्यावरून हे नाव पडलं. त्यांनाही ते आवडलं असावं, कारण फोन उचलल्यावर तेच "बटणकाका बोलतोय" म्हणतात.

त्यांचं कोपऱ्यावरचं दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि माणूस आडवाच शिरेल एवढी वाट. रिमोट हातात आला की काका तो लगेच उघडायचे नाहीत. आधी एक जुना खिशातला रेडिओ लावायचे, काटा दोन स्टेशनांच्या मध्ये आणायचे आणि रिमोट त्याच्याजवळ धरून बटण दाबायचे. रेडिओतून टर्र टर्र ऐकू आलं की म्हणायचे, "बोलतोय. दोष टीव्हीत आहे." काहीच ऐकू आलं नाही तर, "गप्प बसलाय. उघडावा लागेल." कचेरीतल्या नोंदवह्या मिटून घरी परतताना मी ते बघायला दुकानापाशी उभा राहत असे. न दिसणारी गोष्ट ऐकू येते, याचं मला फार नवल वाटायचं. खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.

रिमोट चालत नाही म्हणून तणतणत आलेल्या कित्येकांना त्यांनी एकही स्क्रू न काढता परत पाठवलं होतं. "टीव्हीसमोर फुलदाणी ठेवलीय का? मग ती हलवा. किरण आहे तो. भिंतीतून जात नाही, फुलदाणीतूनही जात नाही."

घरी मात्र या तज्ज्ञ माणसाचं काही चालत नसे. दुकानातल्या गोंगाटानं त्यांचे कान जरा मंद झाले होते, त्यामुळे संध्याकाळच्या बातम्या ते तीस-पस्तीसच्या आवाजावर लावायचे. लगेच स्वयंपाकघरातून काकूंची हाक यायची, "अहो, बारावर!" आवाज कमी करा, डोकं दुखतंय, असलं काही नाही. नुसतं "बारावर". काका बारावर आणायचे, काकू भाजीकडे वळल्या की हळूच चढवत न्यायचे, की पुन्हा हाक. आमच्या घरातलं घड्याळ बंद पडलं तरी सात वाजल्याचं कळायचं.

गेल्या वर्षी काकूंना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. डावा हात चांगला होता, पण तोही त्या हलवत नव्हत्या. भरवलं तर खायच्या, कूस बदलून दिली तर तशा पडून राहायच्या. काका दिवसभर विचारायचे, "पाणी हवं? खिडकी उघडू? उशी उंच करू?" काकूंची नजर छतावर. हो नाही की नाही नाही.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी काकांना जिन्यात गाठलं. मीही सोबत होतो. ते म्हणाले, "हात सुधारेल, बोलणंही थोडंफार येईल. पण त्यांना काहीतरी हवंसं वाटलं पाहिजे. अजून त्यांनी एकदाही कशाकडे बोट दाखवलेलं नाही. असंच राहिलं तर पुढं अवघड आहे." काका मान हलवत राहिले. डॉक्टर खाली उतरून गेले तरी त्यांची मान हलतच होती.

त्याच सुमारास माझ्या सुनेनं एक खटपट केली. काकांच्या जावयानं त्यांना नवा टीव्ही आणि वायफाय घेऊन दिलं होतं. सून म्हणाली, "काका, काकूंच्या फोनवरून तुमचा टीव्ही चालेल असं करून देते. कडेचं बटण दाबलं की आवाज कमी-जास्त होईल. पडल्या पडल्या तेवढाच चाळा."

काका कित्येक दिवसांनी हसले. "अगं बाई, टीव्ही बाहेर, ती आत. मध्ये एवढी जाड भिंत, भिंतीला लोखंडी कपाट. किरण काय ड्रिल मशीन घेऊन जाणार?"

"किरण नाही हो काका, वायफाय."

"ते तुझ्या फोनला. टीव्हीला किरणच लागतो. चाळीस वर्षं हेच केलंय मी. आता तू शिकव मला."

"शिकवते की. फी काय द्याल?"

काका हसत हसत औषधं आणायला गेले. तेवढ्यात तिनं ते करून ठेवलं. फोन काकूंच्या डाव्या हाताशी ठेवून चार्जरला लावला, पडदा विझणार नाही अशी सोय केली आणि काकूंचा डावा अंगठा धरून दोन-चारदा बटणावर दाबून दाखवला. काकूंनी डोळे मिटून घेतले. सून घरी येऊन म्हणाली, "काही उपयोग झाला नाही, बाबा." दुसऱ्या दिवशी ती पंधरा दिवसांसाठी माहेरी गेली आणि ती गोष्ट सगळेच विसरून गेलो.

चार दिवसांनी काकांनी माझं दार वाजवलं. हातात स्क्रूड्रायव्हर.

"साहेब, टीव्हीचे बारा वाजले."

"काय झालं?"

"आवाज आपोआप पडतो. चढवला की थोड्या वेळानं पुन्हा पडतो. रिमोटचं बटण अडकलं असेल म्हणून रेडिओ लावून बघितला, तर तो गप्प. सेल काढून ठेवले, तरी पडतोच. संचाच्या कडेची बटणं साफ केली. मागचं झाकणही उघडून झालं. आयुष्यात असला बिघाड बघितला नाही हो."

त्यांच्या चेहऱ्यावर त्या चार दिवसांत जरा रंग आला होता. न सुटणारा बिघाड म्हणजे त्यांना मेजवानीच. मला त्यांनी बोलावलं ते लिहून घ्यायला. "तुम्ही नोंदी ठेवणारी माणसं. किती वाजता पडला, किती होता, कितीवर आला, टीव्हीवर काय चाललं होतं, सगळं लिहा. बिघाड कसाही असो, त्याची एक चाल असते. ती सापडली की तो सापडला."

तीन संध्याकाळी मी त्यांच्या बैठकीत वही घेऊन बसलो. चार रकाने आखले. आवाज खरोखरच पडत होता. बातम्यांतली माणसं एकमेकांवर ओरडत असायची आणि कोणाचाही हात न लागता पडद्यावरची पट्टी सरसर आखूड व्हायची. माझा संशय आवाज पडण्याच्या वेळेवर होता, म्हणून मी पहिला रकाना पुन्हा पुन्हा तपासत होतो. त्यात काहीच जमत नव्हतं.

तिसऱ्या संध्याकाळी काका म्हणाले, "वाचा बघू."

मी वाचू लागलो. "सात वाजून पाच मिनिटं, तीसवरून बारा. सात बावीस, चौतीसवरून बारा. सात चाळीस, एकतीसवरून बारा."

"थांबा. नुसतं कितीवर आला ते वाचा."

"बारा. बारा. बारा. बारा..." नऊ नोंदी होत्या. मी नऊ वेळा बारा म्हणालो. शेवटचे दोन म्हणताना माझा आवाज आपोआप खाली आला.

काकांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. ते म्हणाले, "बिघाडाला बारा कसं कळेल?"

त्यांनी रिमोटमध्ये सेल घातले, आवाज थेट चाळीसवर नेला आणि मला खुणेनं सोबत बोलावलं. आम्ही दोघं आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिलो. काकू नेहमीसारख्याच पडल्या होत्या, नजर छतावर, चादर छातीपर्यंत. चादरीखाली डाव्या बाजूला काहीतरी हललं. अगदी थोडं. आमच्या पाठीमागे बातम्यांतली माणसं हळूहळू लांब जाऊ लागली, आणखी लांब, आणि चादरीखालची हालचाल थांबली.

काकांनी चादरीचा कोपरा उचलला. फोन तिथं होता. त्याच्या कडेच्या बटणावर काकूंचा अंगठा.

"अगं," काका म्हणाले.

काकूंनी छतावरची नजर काढली आणि त्यांच्याकडे बघितलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. त्या नजरेत प्रेमबिम काही नव्हतं. चाळीस वर्षं स्वयंपाकघराच्या दारातून टाकलेली तीच जुनी, वैतागलेली नजर होती. कितीदा सांगायचं तुम्हाला?

काका पलंगाच्या कडेवर बसले. मग उठून भिंतीपाशी गेले आणि तिच्यावर तळहात ठेवला. कपाटावर बोटांनी ठोकून बघितलं. "इथून गेलं?" त्यांनी मला विचारलं. "या सगळ्यातून?" त्यांनी खिशातला रेडिओ आणून फोनजवळ धरला आणि काकूंना म्हणाले, "दाब बघू." काकूंनी दाबलं. बाहेर पट्टी अकरावर आली. रेडिओत नेहमीच्या खरखरीपलीकडे काहीच नव्हतं. काका कान लावून कितीतरी वेळ ऐकत होते. देवळात उभं राहतात तसे ते उभे होते. "हे कुठल्या भाषेत बोलतंय, मला ऐकूच येत नाही," ते म्हणाले. "पण बोलतेय ती."

त्यानंतर रोज संध्याकाळी सातला काका मुद्दाम तीसवर आवाज लावू लागले. मी एकदा म्हटलं, "काका, आपणहून बारावर ठेवा की. त्यांना कशाला त्रास?"

"वा! मग तिला काम काय उरलं?"

व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंना हे कळल्यावर त्या दर आठवड्याला फोन थोडा लांब सरकवू लागल्या. काकू हात लांबवायच्या. पाण्याच्या ग्लासाकडे, खिडकीकडे बोट दाखवू लागल्या. मग एके दिवशी बाईंनी फोन उचलून काकूंच्या उजव्या हाताखाली ठेवला, आणि डावा हात उशीवर ठेवून त्यांना बजावलं, "आता याच हातानं. घाई नाही."

त्या संध्याकाळी काका आणि मी बैठकीत बसलो होतो. सात वाजले. काकांनी आवाज तीसवर लावला आणि रिमोट लांब, टेबलावर ठेवून दिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पडद्यावर माणसं ओरडत होती, त्यातलं एक अक्षर आम्हाला कळत नव्हतं. काकांनी एकदा आतल्या दाराकडे बघितलं, पण उठले नाहीत.

पट्टी उमटली. एकोणतीस.

मग पुष्कळ वेळ काही नाही. मग अठ्ठावीस. नेहमी सरसर आखूड होणारी ती पट्टी आज एकेक पायरी उतरत होती, प्रत्येक पायरीवर दम खात. काका मनातल्या मनात आकडे म्हणत होते, त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. एकोणिसावर फार वेळ थांबली, तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. अठरा. सतरा. चौदावर पट्टी पडद्यावरून पुसली गेली आणि मला वाटलं, संपलं.

आतून काहीच आवाज नव्हता.

तेरा.

आणि मग, बारा.