मेंढरं न कापणारा सम्राट

समस्त सज्जनांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, हिंगोली जिल्ह्यातल्या वारंगा फाट्यावर, एका टायरवाल्याच्या आणि एका रसवंतीच्या मधोमध असलेल्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात गेल्या चार वर्षांत जेवढी साम्राज्यं बुडाली, तेवढी जगाच्या इतिहासात एका छपराखाली कुठंही बुडालेली नाहीत. हे मी जबाबदारीने सांगतो. वसमतच्या शाळेत पंचवीस वर्षं मी इतिहास शिकवतोय. साम्राज्यांचा उदय आणि अस्त हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. पण उदय न होताच अस्त कसा होतो, हे मला शिकवलं ते या सगळ्या साम्राज्यांच्या एकमेव सम्राटाने. सम्राट म्हणजे माझे साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान.

साडूंचं घराणं मेंढपाळांचं. औंढ्याकडच्या माळावर त्यांच्या वडिलांनी जन्मभर मेंढरं चारली. साडू मात्र ऐन तारुण्यात फाट्यावर आले, जळालेल्या मोटारी उघडून त्यांत नवी तांब्याची तार भरायला शिकले, आणि आज पन्नाशीतही आसपासच्या कुठल्याही विहिरीतली मोटार जळाली की ती शेवटी त्यांच्याच बाकावर येते. हाताला असं कसब की मोटारीवर बोटं फिरवून दुखणं सांगतील. बोलण्याच्या बाबतीत मात्र देवाकडून तार भरायची राहूनच गेली. एकुलती एक मुलगी शिकायला पुण्याला निघाली, तेव्हा तिला कळून चुकलं होतं की फोनवर आपले वडील 'हां, बरंय, ठेव' याच्या पुढं जायचे नाहीत. म्हणून जाण्यापूर्वी तिनं दुकानात एक जुना कॉम्प्युटर बसवला, त्यात साम्राज्य उभारायचा खेळ घातला आणि एक माईक जोडून दिला. दर रविवारी दुपारी ती पुण्यातून आणि हे फाट्यावरून, दोघं एका बाजूनं, कॉम्प्युटरच्या फौजेशी लढणार आणि लढता लढता चार शब्द बोलणार, असा तिचा बेत.

हा खेळ सुरू होतो तेव्हा तुमच्याकडं चार-पाच माणसं, एक चावडीसारखी इमारत, एक घोडेस्वार आणि आसपास चरणारी आठ-दहा मेंढरं असतात. पहिली पाच मिनिटं लाखमोलाची. शहाणे खेळाडू आल्या आल्या मेंढरं कापतात, त्या मटणावर माणसं वाढवतात, लाकूड तोडून छावणी बांधतात आणि शेजारी जागा व्हायच्या आत त्याच्यावर चालून जातात. साडूंना यातली पहिलीच पायरी मंजूर नाही. "मेंढरू कापून कोनी राज्य सुरू करतं काहो?" असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, ते अशा स्वरात की जणू मीच हातात सुरी घेऊन उभा होतो. ते आधी शेत आखतात आणि झाडून सगळी मेंढरं हाकत आणून त्या शेतात बसवतात. आमच्याकडची ही जुनी रीत. मेंढपाळाला बोलावून रात्रभर रानात कळप बसवायचा, लेंड्यांचं खत रानाला आणि धान्य मेंढपाळाला. साडूंच्या वडिलांनी शेकडो रानं अशी खतावली. त्यामुळं साडूंची पक्की समजूत की मेंढरं बसवलेल्या शेतात गहू जोमानं येतो. मग ते शेत पडद्यावरचं का असेना.

"साडूभाऊ," मी एकदा धीर करून म्हणालो, "ह्या मेंढराला लेंडी पडत न्हाई. खेळ बनवणाऱ्यानं तशी सोयच ठेवली न्हाई."

त्यांनी माझ्याकडं करुणेनं पाहिलं. "तुमी शाळेतले मानसं. तुमाला कळायचं न्हाई. गहू बघा काय पिवळाधम्मक आलाय!"

त्या खेळात सगळ्यांचा गहू तेवढाच पिवळा असतो. पण सम्राटापुढं असलं बोलू नये.

तीच गत घोडेस्वाराची. तो खरं तर गुपचूप फिरून मुलूख पाहून यायला दिलेला. साडू त्याला सरळ शत्रूच्या वेशीवर नेऊन उभा करतात, कारण नव्या गावात राहायला आल्यावर शेजाऱ्याला राम राम घातला पाहिजे. शत्रू त्याला बाणांनी टिपतो. "आपलं मानूस जाऊन आलं, बराबर झालं," साडू म्हणतात. जाऊन आलेलं नसतं, नुसतं गेलेलं असतं. तट बांधतात, पण दरवाजा सताड उघडा, कारण बंद दुकानात गिऱ्हाईक शिरत नाही. प्रत्येकाला घर मिळाल्याशिवाय ते पुढच्या युगात जात नाहीत. त्यामुळं शत्रू तोफा घेऊन येतो तेव्हा साडूंच्या राज्यात दगडी कुऱ्हाडींचा जमाना सुरू असतो, पण एकही माणूस बेघर नसतो. एकदा ऐन लढाईत फाट्यावरची लाईट गेली. साडूंनी शांतपणे पाना उचलला आणि मला बजावलं, "लिहून ठेवा गुरुजी, आपन हरलो न्हाई. लाईट गेली."

मुलीचं राज्य म्हणजे याच्या बरोबर उलट. दहाव्या मिनिटाला तिची फौज रस्त्यावर. माईकमधून तिचा आवाज दुकानभर घुमायचा, "पप्पा, मेंढरं खा आधी! पप्पा, छावणी कुठंय तुमची?" आणि साडू गालात हसत म्हणायचे, "तू खा. मी शेतकरी मानूस हाय." ती दोन्ही राज्यं एकटी सांभाळायची. फाट्यावरचं अर्धं गिऱ्हाईक ही जुगलबंदी ऐकायलाच रविवारी मोटार घेऊन येत असावं, असा माझा संशय आहे.

मग या सुखी साम्राज्यात फूट पडली. मुलीला नोकरी लागली ती थेट गुवाहाटीला. साडूंनी मनातल्या मनात तिला नांदेडला बसवून ठेवलं होतं. तिनं होकार कळवून टाकला आणि मग घरी सांगितलं. साडूंचं दुखणं गुवाहाटीचं नव्हतंच. "कळवलं म्हने! मी काय हापिस हाय का कळवायला?" एवढं एकच वाक्य ते बोलले आणि तोंड मिटून बसले. मुलगीही त्यांचीच. ती आईला म्हणाली, पप्पा स्वतः ये म्हणाले तर येईन, नाहीतर पुण्यावरूनच परस्पर जाईन. एकदा गेली की वर्षभर सुट्टी नाही.

पण रविवारचा खेळ चुकला नाही हो! दोन महिने माईक चालू असायचा आणि दोन्हीकडून अक्षर नाही. तिच्या खोलीतला पंखा इथं ऐकू यायचा, इथला तिथं ऐकू जात असणार. शेवटी मेहुणीनं मला फोन केला.

"दाजी, काय तऱ्हा म्हनावं ह्यांची! घरात लेकीचं नाव काढू देईना गेले, अन् तिकडं खेळात आपल्या राज्यातला दगड तिच्या तटाला पाठवून राहिले. म्या इचारलं, तिनं मागितला व्हता का? तर म्हने, कमी दिसला. गुरुवारी निघून राहिली पोरगी. तुमी शिकलेले, तुमी तरी बोला."

शिकलेला माणूस रविवारी फाट्यावर हजर झाला. एसटीत बसून मी एक भाषण जुळवलं होतं, त्यात इतिहासातले तीन दाखले होते. दुकानात कुरुंद्याकडचा एक शेतकरी जळालेली मोटार पायाशी ठेवून बाकावर बसला होता. त्याची हळद पाण्यावाचून उभी होती आणि तो साडूंच्या हातांकडं टक लावून होता. पण ते हात माऊसवर होते. खेळ सुरू झाला. पंखे फिरू लागले. मी घसा खाकरला, आणि तेवढ्यात साडू पुढं वाकले.

"हे काय करून राहिली?" ते स्वतःशीच म्हणाले.

मुलीनं मेंढरं कापली नव्हती. तिनं आधी शेत आखलं होतं आणि सगळी मेंढरं एकेक करून हाकत आणून त्या शेतात बसवत होती. छावणी नाही, सैनिक नाही. तिचा घोडेस्वार एकटाच शत्रूच्या वेशीवर राम राम घालायला उभा होता. साडू पाहत राहिले. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. मी भाषण गिळलं. मग जे व्हायचं तेच झालं. उत्तरेकडून शत्रूचं घोडदळ आलं आणि तिच्या उघड्या दरवाजातून आत शिरू लागलं.

"अगं येडे, काप ती मेंढरं!" साडू माईकवर असे ओरडले की रसवंतीवाला धावत आला. "छावणी बांध! दरवाजा लाव आधी!"

स्पीकरमधून हसू आलं, आणि हसता हसता नाक ओढल्याचा आवाज. "तुमीच म्हनता ना पप्पा, गहू चांगला येतो."

"तो मला येतो. तुला न्हाई येत."

तिचं गाव जळत होतं. साडू तिला दगड पाठवत होते, लाकूड पाठवत होते, होतं नव्हतं ते सगळं पाठवत होते. पण 'ये' हा एक शब्द काही त्यांना पाठवता येईना. त्यांचे ओठ हलायचे आणि थांबायचे.

ती आली. मंगळवारी आली, दोन दिवस राहिली, आईच्या हातचं खाल्लं, आणि गुरुवारी नांदेडहून गाडीत बसून गेली. साडू फलाटाच्या टोकापर्यंत गाडीबरोबर चालत गेले. रविवार अजून चुकत नाही. गुवाहाटीतल्या तिच्या खोलीचं छप्पर पत्र्याचं आहे म्हणे. तिकडं पाऊस लागला की तो फाट्यावरच्या स्पीकरमधून ऐकू येतो, आणि साडू हातचं सोडून ऐकत बसतात. राज्य आपलं बुडत राहतं. मेहुणी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की दाजींनी समजूत घातली म्हणून लेक घरी आली, आणि मी चहाचा कप घेऊन खाली मान घालतो. कारण त्या दुपारी मी काहीच बोललो नव्हतो. बोलला तो बाकावरचा शेतकरी. फाट्यावर कोणाच्याच घरची गोष्ट लपत नाही, त्यालाही सगळं ठाऊक होतं. दोन तास त्यानं कळ काढली होती. तो उठला, साडूंच्या खांद्यावरून वाकला आणि माईकला तोंड लावून गरजला,

"अवो ताई, तू घरला येऊन राहिली का न्हाई, तेवढं सांग ना माय, म्हंजे तुझा बाप माझ्या मोटारीला हात लावंल!"