कराचीची करंडी

मामी थुंकायची. तिला ओळखणारा कुणीही सर्वांत आधी हेच सांगेल, तेव्हा मीही इथूनच सुरुवात करतो. तोंडात दिवसभर पान, आणि कुणी 'करार' किंवा 'मैत्री' असा शब्द काढला की मान वळवून नेमकी गटारात पिंक. नेम कधी चुकला नाही. नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या पानाच्या अडत दुकानात रेडिओवर बातम्या लागल्या, की मामीकडे पाहूनच दोन्ही देशांचं काय चाललंय ते कळायचं.

सगळा बाजारच तिला मामी म्हणायचा. ती आमच्याकडे मजुरीवर पानं फेरायची. पारशिवनीकडच्या मळ्यांतून माल एसटीच्या टपावरून यायचा. करंडीतली पानं रोज उलटायची, डागी पान काढायचं आणि पुन्हा थर रचायचे, याला फेरणं म्हणतात. एक दिवस चुकला की एका पानाची सड शेजारच्याला लागते आणि करंडी हातची जाते. मामी हे काम न पाहता करायची, बोटांनाच कळायचं. "पान जितं असते गा बाबू, त्याले रोज हात लावा लागते," म्हणायची. मी तिथला कारकून आणि बी.ए. झालेला. असल्या बोलण्याकडे दुर्लक्ष करण्याइतका शिकलेला होतो.

पासष्टच्या लढाईपूर्वी आमचा बराच माल कराचीला जाई. तिकडे तो घेणारा हमीदभाई मूळचा इथल्याच मोमिनपुऱ्यातला, विणकराचा मुलगा. नगरपालिकेच्या शाळेत मराठी चौथीपर्यंत शिकून फाळणीत तिकडे गेला. त्याची आणि मामीची पुन्हा भेट झाली नाही, पण भांडण दर आठवड्याला व्हायचं. "खालचा थर जाड हाय," म्हणजे तळाची पानं चावायला राठ, असं त्याचं पत्र यायचं आणि मामी मला उत्तर लिहायला लावायची, "त्याले म्हणा, तुहे दात पडले असतीन."

मग लढाई झाली. माल थांबला, पुढे पत्रंही थांबली. आमच्या बाजारातले शूर मात्र कामाला लागले. लोडाला टेकून, पोटावर हात फिरवत, हे लोक रोज सकाळी लाहोर जिंकायचे. मामी करंडीतून मान वर न करता विचारायची, "घेतलं का गा लाहोर? मंग येता येता चुना आणा तितून, संपला हाय."

एकाहत्तरला पुन्हा लढाई झाली. पुढे समझोता झाला, आणि काही वर्षांनी पान पाठवायची परवानगी आली. लगेच बाजारात मैत्री समिती उभी राहिली. लाहोर जिंकणारे तेच लोक, त्याच टोप्या, फक्त आता डोळ्यांत पाणी. पहिल्या पाच करंड्या समारंभानं रवाना करायचं ठरलं. स्वागताचं भाषण लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यात कबुतरं घातली, पहाट घातली, सापडेल ते सगळं घातलं. आज ते भाषण आठवलं की माझीच मला शिसारी येते.

मामी त्या पाच करंड्यांसाठी दोन दिवस जागची हलली नाही. एकेक पान उजेडाला धरून पाहत होती. "दहा सालानं माल जाऊन राहिला. सडला तर हमीद म्हणन, नागपुरात आता कोनी राहिलंच नाही," एवढंच बोलली. ते बोलताना ती थुंकली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

समारंभ सकाळी दहाचा. करंड्या शिवून, हार घालून, फीत बांधून मांडवात ठेवल्या. समितीच्या एका उत्साही मूर्खानं त्यांवर गुलाबपाणी शिंपडलं आणि मी त्याला शाबासकी दिली. प्रमुख पाहुणे आले तीन वाजता. एप्रिलचं ऊन मांडवाच्या कापडातून खाली उतरत होतं. मामी चारदा आली. "शिवण उसवू दे बाबू, आतून गरम झाली असन. फेरा लागते."

"मामी, फोटो झाल्याशिवाय हात लावायचा नाही," मी म्हणालो. चौथ्यांदा आली तेव्हा म्हणालो, "तुला यातलं काय कळतं? हा दोन देशांचा प्रश्न आहे."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. गटार दोन हातांवर होतं, पण ती तिकडे वळली नाही. माझ्या चपलेपुढे थुंकली आणि निघून गेली. मांडवात माझी कबुतरं वाचली जात होती. टाळ्या पुष्कळ पडल्या.

महिन्याभरानं कराचीहून पत्र आलं. अक्षर तेच, चौथीतलं. "पाचही करंड्या सडल्या. वरतून गुलाबपानी कोन्या गाढवानं मारलं? मामीनं असा माल कधीच धाडला नोयता. थे मेली काय?"

मी ते मामीला वाचून दाखवलं. दाखवावंच लागलं. वाटलं, आता ही बाई माझ्या तोंडावरच थुंकेल आणि ते योग्यच होईल. पण मामी हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेना. दहा वर्षांनी तिला कुणीतरी ओळखीच्या आवाजात रागावलं होतं.

"लिही," ती म्हणाली. "मामी जिती हाय. गाढव बी जितं हाय. इतंच बसलं हाय, चिठ्ठी लिहून राहिलं."

मी शब्दाला शब्द लिहिलं. माझ्या हातून उतरलेलं पहिलं खरं वाक्य ते. पुढचा माल हार-फितीशिवाय गेला. मामीनं तो फेरला आणि स्टेशनपर्यंत स्वतः सोबत गेली. उत्तर आलं, "खालचा थर जाड हाय." ती ओळ तिनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मैत्री समितीत तोवर वर्तमानपत्रातल्या फोटोत कोण कापला गेला यावरून मारामारी झाली होती, आणि समिती मोडली होती.

दीडेक वर्षानं, थंडीच्या दिवसांत, मामी गेली. दोन दिवस अंगात ताप होता, तिसऱ्या दिवशी कामावर आली नाही, एवढंच झालं. कराचीला मी एका ओळीचं पत्र लिहिलं. मोठे शब्द हाताशी येत होते, ते एकेक करून खोडले.

हमीदभाईचं उत्तरही एका ओळीचंच होतं. "मंग आता पानं कोन फेरते?"

ते पत्र आलं तेव्हा मी माझ्या खुर्चीवर नव्हतो. मामीच्या पोत्यावर बसलो होतो आणि पुढ्यात करंडी उघडी होती. हात पुसले, कागद घेतला आणि लिहिलं, "गाढव फेरते."