बाळाण्णांनी छापलेला बुलबुल

"ह्ये कुणी काढलंय? जित्या माणसानं?"

धुऊन वाळवलेली फिल्मची पट्टी दिव्यासमोर धरली की बाळाण्णांचा पहिला प्रश्न हा असे. ज्यानं फोटो काढले तो समोरच उभा असायचा. बाळाण्णा त्याच्याकडे बघतही नसत. पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत जायचे आणि नाकातून एक आवाज काढायचे. त्या आवाजानं भल्याभल्या वकील-डॉक्टरांच्या माना खाली गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

कोल्हापुरात, राजारामपुरीत एका दवाखान्याला लागून त्यांची खोली होती. पुढे टेबल, त्यावर काच, काचेखाली दिवा. मागे काळा पडदा आणि पडद्याआड फिल्म धुण्याची अंधारी खोली. आमच्या फिल्मवर तेव्हा आठ फोटो निघत. त्यातला जो छापण्याच्या लायकीचा वाटेल, त्याच्या कडेला बाळाण्णा नखानं खूण करायचे आणि तेवढाच छापायचे. बाकीची पट्टी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून परत. कुणी आठही फोटो मागितले तर म्हणायचे, "मग दुसरीकडं जावा की. माझा कागद काय वाटंवर पडलाय व्हय?" तरी लोक त्यांच्याकडेच येत. कारण तो एक फोटो हातात पडला की हा आपणच काढला यावर आपला विश्वास बसत नसे.

हा माणूस वीस वर्षं संस्थानच्या शिकारखान्यात फोटोग्राफर होता. दाजीपूरच्या रानात गव्यांमागे हिंडलेला, शिकारीसाठी पाळलेल्या चित्त्यांच्या गाडीमागून धावलेला. संस्थान विलीन झालं, नोकरी गेली आणि आमच्यासारख्या रविवारच्या शिकाऱ्यांच्या पट्ट्या धुण्याची पाळी त्यांच्यावर आली. ते आमचा तिरस्कार करत, आणि आम्ही त्या लायकीचेच होतो. एक वकील होते. गगनबावड्याला जावोत नाहीतर राधानगरीला, धबधब्यापुढे त्यांची मोटार उभी असायचीच. "वकीलसाहेब, गाडीला न्हाऊ घालाया जातासा का धबधब्याला?" बाळाण्णांनी एकदा विचारलं. एक प्राध्यापक होते. त्यांच्याकडे भिंगापुढे लावायच्या तीन रंगांच्या काचा होत्या आणि ढगांवर व्याख्यान तयार होतं. फोटोत मात्र पन्हाळ्याची तटबंदी दर वेळी एका बाजूला कललेली. त्यांना बाळाण्णा म्हणाले, "सर, गड शाबूत हाय. तुमीच जरा सरळ ऱ्हावा."

मी पेठ वडगावला मास्तर होतो. घडीचा कॅमेरा, जवळचं टिपायचं एक भिंग आणि अंगात भरपूर मस्ती एवढं माझं भांडवल. शनिवारी दुपारी शाळा सुटली की एसटीनं कोल्हापूरला जायचं, पट्टी द्यायची आणि शिव्या घेऊन परत यायचं. त्या शिव्यांतच माझं सगळं शिक्षण झालं. "बारा वाजता फोटो काढतासा? बारा वाजता कुत्रंबी सावलीत बसतंय." मी सकाळी लवकर उठू लागलो. "सूर्य पाठीमागं घ्या म्हणून फिल्मच्या डब्यावर छापलंय, म्हणून घेतासा. डब्यावर काय बी छापत्यात. ऊन बाजूनं येऊ दे, मग दगडाला बी अंग येतंय." मी बाजूनं ऊन घेऊ लागलो. "डोंगर काढाया गेलासा आन् आभाळ घिऊन आलासा. पाय मोडलं हुतं का? चार पावलं फुडं जावा की." मी चार पावलं पुढे जाऊ लागलो. एकदा पांढराशुभ्र सदरा घालून रानातून परस्पर त्यांच्याकडे गेलो, तर म्हणाले, "रानात गेलतासा का वरातीत?" त्यांचं एक सांगणं मात्र शिवीशिवाय आलं होतं. "रानात गेल्यावर पहिला तासभर कॅमेरा पिशवीतनं काढायचा न्हाय. बसून ऱ्हायाचं. आदी रान तुमाला बघू दे, मग तुमी त्येला बघा."

हे सगळं मी ऐकलं. शेवटचं तेवढं ऐकलं नाही.

त्या वर्षी पुण्याला हौशी फोटोग्राफरांचं प्रदर्शन भरणार होतं. वकील आणि प्राध्यापक दोघेही फोटो पाठवणार होते. आपला फोटो तिथे लागावा आणि या दोघांनी तो वाकून बघावा, या एका विचारानं मला झोप येईना. वैशाखात एका ओळखीच्या मळ्यात, विहिरीजवळच्या करवंदीच्या जाळीत बुलबुलाचं घरटं सापडलं. आत दोन पिल्लं. पण जाळी दाट, आत अंधार. कॅमेऱ्याला काही दिसेना. मी कोयता मागून घेतला आणि उन्हाच्या बाजूच्या फांद्या छाटल्या. घरटं लख्ख दिसू लागलं. कॅमेरा तिकाटण्यावर बसवला, शटरला दोरा बांधला आणि विहिरीच्या कठड्याआड बसलो. आई चोचीत अळी घेऊन आली, दोन चोची उघडल्या, मी दोरा ओढला. असा फोटो आपल्या हातून पुन्हा निघणार नाही हे मला तिथेच कळलं.

शनिवारी बाळाण्णांनी पट्टी दिव्यासमोर धरली. नेहमीचा प्रश्न आला नाही. नाकातला आवाजही आला नाही. पट्टी सरकवता सरकवता ते एकाच जागी थांबले.

"नाव काय देनार?" त्यांनी विचारलं.

"मातृप्रेम," मी म्हणालो.

"ब्येस." त्यांनी नख एका काळ्या ठिपक्यावर टेकवलं. "मास्तर, हितं काळं म्हंजी छापल्यावर पांढरं. कडंला ह्यो पांढरा गोल कशाचा? ताज्या तोडल्याल्या फांदीचा न्हवं?"

मी वाकून बघितलं. फांदीचाच होता.

"बुलबुल उन्हात घर बांधत न्हाय. ह्येच्या पिल्लांवर ऊन कुठनं आलं?" ते अजूनही पट्टीकडेच बघत होते. "जावा, बघून या. उद्या या. मग छापायचं बघू."

रविवारी सकाळी मळ्यात गेलो. घरट्यात दोन्ही पिल्लं होती. वाळली होती आणि त्यांना मुंग्या लागल्या होत्या. आई कुठे दिसली नाही. छाटलेल्या फांद्या तिथेच खाली पडल्या होत्या. मी एक उचलून जाळीवर ठेवली. कशासाठी, देव जाणे! मला माझीच शिसारी आली.

दुपारी कोल्हापूरला जाऊन बाळाण्णांना सांगितलं. ते ओरडतील अशी माझी अपेक्षा होती, इच्छाही होती. ते हळू आवाजात बोलले.

"वीस वर्षं म्या मेल्याली जनावरं टिपली. मारनारा त्येच्यावर पाय दिऊन हुबा ऱ्हायाचा. मला लई राग यायचा. पर मास्तर, त्यो म्हनायचा तरी, ह्ये म्या मारलं म्हनून. तुमी मारलीसा आन् नाव दिलंसा मातृप्रेम!"

मी पट्टी परत मागितली. फाडून टाकणार होतो. त्यांनी ती दिली नाही. पुढच्या शनिवारी त्यांनी माझ्यापुढे तो फोटो ठेवला. वहीएवढा मोठा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. आईच्या गळ्याखालचं एकेक पीस मोजून घ्यावं असा छापला होता. इतका सुंदर फोटो त्यांनी कुणालाही छापून दिलेला मी पाहिला नव्हता.

"पुण्याला धाडायचा न्हाय. घरात लावायचा. कोन चांगला म्हनला की सांगायचं, पिल्लं म्या मारली म्हनून."

मी पुण्याला पाठवला नाही. पण घरातही लावला नाही. ट्रंकेत, कपड्यांखाली ठेवला. त्यानंतरही मी पट्ट्या घेऊन जात राहिलो आणि बाळाण्णा दर वेळी विचारत, "लावलासा?" मी "हो" म्हणायचो. ते माझ्याकडे बघायचे आणि माझी पट्टी दिव्यासमोर धरायचे. त्यांना खरं कळत होतं. माझ्या फोटोंना ते मग चांगलंही म्हणाले नाहीत आणि वाईटही. आठातल्या एकावर नख मारायचे, छापून द्यायचे. त्या गप्प बसण्यापेक्षा पहिल्या शिव्या बऱ्या होत्या.

तीन वर्षांनी एका शनिवारी खोलीला कुलूप होतं. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, "बाळाण्णा गेलं की मंगळवारी. तुमाला न्हाय कळलं?" हातात पट्टी तशीच घेऊन मी एसटीत बसलो. घरी आलो, ट्रंक उघडली आणि बैठकीच्या खोलीत खिळा ठोकला.

पुढच्याच आठवड्यात आमचे हेडमास्तर चहाला आले. फोटोपुढे उभे राहिले, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "वा! काय माया आहे हो त्या पाखराच्या डोळ्यांत! कुणी काढला?"

"मी काढला," मी म्हणालो. "आणि ती पिल्लं मीच मारली."

माझी बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिनंही ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.