पुनवेची भरती आणि कबुलीचा कागद

इतकी वर्षे लोटली, पण तो खटला आठवला की आधी लाज वाटते आणि मग हसू येते. मी साताऱ्याकडचा गडी, ठाण्याला फौजदार म्हणून नवाच आलेलो.

पुनवेच्या भर दुपारी ठाण्यातल्या एका देवळातून देवीचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला. देवळातल्या दिवाबत्तीवाल्याने बातमी दिली, "खाडीपलीकडच्या कळव्याचा एक मिठागरावरचा माणूस खाडीच्या चिखलातून चालत आला आणि तसाच परत गेला. मी डोळ्यांनी पाहिला." आम्ही त्या माणसाला उचलले आणि दोन दिवस कोठडीत उभे ठेवले. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "तुमी म्हनाल तसा, सायेब."

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे मला ठाऊक होते. म्हणून शक्कल लढवली. एका शेटजींना कोठडीत बसवून कबुली त्यांच्यापुढे द्यायला लावली, आणि स्वतः ओसरीवर पान खात बसलो. मुखवटा मिळाला नव्हताच. तो खाडीत फेकला असे कागदात घातले.

मॅजिस्ट्रेट पुण्याकडचे, हळू बोलणारे.

"कबुलीच्या वेळी तुम्ही कुठे होता?"

"ओसरीवर, साहेब."

"दाराला कडी कोणाची?"

"आमची."

"मग तो माणूस शेटजींच्या ताब्यात होता की तुमच्या?"

"आमच्याच," मला म्हणावे लागले. "कायद्याने ही अट माणसाच्या रक्षणासाठी घातली आहे, तुम्ही तिला वळसा घालावा म्हणून नव्हे," असे म्हणून त्यांनी कागद बाजूला सारला. उरली एकट्या दिवाबत्तीवाल्याची साक्ष. तेवढ्यावर कोणाला तुरुंगात धाडता येत नाही, असे सांगून त्यांनी आरोपीला सोडले. त्याची बायको ढसाढसा रडली. मी मात्र मनात कोर्टाला शिव्या घालत होतो.

जाताना ती बाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "फौजदार, येत्या पुनवेला दुपारचे आमच्या मिठागराच्या बांधावर या."

गेलो. आणि पाहतो तर काय! खाडी काठोकाठ भरलेली, आणि भरतीचे पाणी आगरात घ्यायला सारा गाव बांधावर. तो मिठागरवाला मला बघून हसला. "घाला पाय, सायेब. चालत जा ठान्याला!"

पुनवेला भर दुपारी खाडीला भरती असते, हे घाटावरच्या माणसाला काय ठाऊक! दिवाबत्तीवालाही घाटावरचाच. म्हणून त्याने तशी थाप मारली, आणि मी शहाण्याने ती गिळली. पण त्याला थाप मारायची गरज का पडली? त्याच संध्याकाळी पंचांसमक्ष त्याच्या घराची झडती घेतली. मुखवटा तांदळाच्या कणगीत निघाला.

पुन्हा तेच मॅजिस्ट्रेट. "कबुली आणलीत का, फौजदार?"

"नाही साहेब. मुद्देमाल आहे, पंच आहेत, आणि भरतीची साक्ष द्यायला अख्खा गाव आहे."

ते प्रथमच हसले. चोराला शिक्षा झाली. त्या दिवशी छाती अशी फुगली होती म्हणता!

तो कागद कोर्टाने मानला असता, तर निरपराध माणूस खडी फोडत बसला असता आणि मी शाबासकी मिरवली असती. कोर्टाने त्याला वाचवले, तसे मलाही वाचवले. पुढे साऱ्या नोकरीत तसली शक्कल मी पुन्हा लढवली नाही.

त्या दिवशी कोर्टाबाहेर मी मिठागरवाल्याचे हात धरून माफी मागितली. तो अवघडला, मग म्हणाला, "बांधावर येत जा, सायेब. पन भरती बघून."