फिजिक्सच्या वर्गासाठी दारोदार

मुलीच्या हायस्कूलमधला कॉलेजच्या पातळीचा फिजिक्सचा वर्ग बंद पडणार होता. शाळेकडे पैसे नव्हते. प्रॉपर्टी टॅक्स थोडा वाढवून ते द्यायचे का, यावर आमच्या या शिकागोजवळच्या गावात मतदान होतं. आम्ही व्हिसावाले. टॅक्स भरायला चालतो, मत द्यायला नाही! म्हणून मी बर्फात दारोदार फिरले, अनोळखी लोकांना "प्लीज, यस करा" म्हणून विनवत.

शेजारचे काका सिटिझन. त्यांची मुलगी त्याच वर्गात शिकली, तिथे मिळालेल्या कॉलेजच्या क्रेडिट्समुळे तिचं कॉलेज लवकर संपलं. त्यांचं दार मी ठोठावलंच नाही. घरच्या माणसाला काय विनवायचं?

आम्ही हरलो. पुढच्या शनिवारी काका-काकू आमच्याकडे जेवायला होते. श्रीखंड वाढताना मी विषय काढला, तर काका म्हणाले, "मी तर नो केलं. आमची झाली ना शिकून, आता उगाच टॅक्स कशाला वाढवून घ्यायचा?"

माझा हात तिथेच थांबला. त्यांना वाटलं, मला मुलीची काळजी लागलीय.

"फिजिक्सचं टेन्शन घेऊ नका," ते म्हणाले. "आमची लेक ऑनलाइन ट्यूशन घेते. तुम्हाला फी कमी लावेल. घरचेच तुम्ही."