टाकीमागचं भूत

एक डोळा मिटायचा, वस्तू उजेडाकडे धरायची, सावकाश फिरवायची आणि म्हणायचं, "रिजेक्ट. दुसरं दाखव." वस्तू कुठलीही असो. भाजीवाल्याचा टोमॅटो, लग्नातली पुरी, मंडळाची निमंत्रणपत्रिका. एकदा शेजारच्यांनी नवं बाळ दाखवायला आणलं. आमच्या कॉलनीतल्या काकांचा डोळा सवयीने मिटला आणि बाळाच्या आजीचा श्वास अडकला. "हे चालेल," काका म्हणाले.

देवासच्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात, त्यांची सगळी नोकरी गेली. माणूस निवृत्त झाला, डोळा झाला नाही. तुमच्याही कॉलनीत असा एखादा असेल. त्याच्यासमोरून जाताना आपण नकळत शर्टाची बटणं चाचपतो.

मला ते 'पाम्पलेट' म्हणत. माझे वडील कामगारांच्या सभांची आणि बुवाबाजीविरुद्धची पत्रकं वाटत फिरायचे. शाळा हिंदी, त्यामुळे मराठी वाचायला मी शिकले ती या पत्रकांवर. 'कमळ', 'बदक' यांच्या आधी मला 'शोषण' वाचता येत होतं. अजूनही कॉलनीत कुणी लिंबू-मिरची टांगली की मी त्याच्या दारात उभी.

गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये दाखवायला यंदा आपणच सिनेमा करायचा, तोही मोबाईलवर, असं काकांनी ठरवलं. संवाद आणि मोबाईल धरणं माझ्याकडे.

"विषय काय?" मी विचारलं.

"भूत."

"मी भूत लिहिणार नाही, काका."

"का? भुताने तुझं काय शोषण केलं?"

गोष्ट त्यांनी उभ्याउभ्याच सांगितली. एका मुलीचे आजोबा वारतात आणि त्यांचं भूत गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे येऊन बसतं. ते कुणाला घाबरवत नाही. चहा मागतं, मुलीचा गृहपाठ तपासतं आणि एक दिवस निघून जातं. भूत स्वतः काका. मुलगी म्हणून त्यांनी जिचं नाव घेतलं, ते ऐकून मात्र मी पेटले. ती समोरच्या इमारतीतली, नऊ वर्षांची. त्याच्या आदल्या हिवाळ्यात तिचे वडील अचानक गेले होते.

"तिच्या दुःखाचा तमाशा करणार तुम्ही?"

"मी नाही बोलावली. तीच आली. म्हणाली, भुताच्या पिक्चरमध्ये मला घ्या. आता काय सांगू, तुझे वडील वारलेत म्हणून तुला घेत नाही?"

मी तिच्या आईकडे गेले. आई म्हणाली, "करू दे गं. घरी त्यांच्याविषयी एक अक्षर बोलत नाही. रडली पण नाही. धारहून माझे आई-बाबा आले होते, तेही म्हणाले, किती शहाणी आहे."

या 'शहाणी' शब्दाची मला चीड होती. मोठ्यांना त्रास देत नाही ती शहाणी. बाप गेलेल्या पोरीनेही आपल्याला त्रास देऊ नये, ही केवढी अपेक्षा! यावर मी तिथेच छोटंसं भाषण केलं. आईने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि चहा ठेवला.

शूटिंग सुरू झालं. भुताचं धोतर कडक इस्त्रीचं, कारण काकांच्या मते मेल्यावर गबाळं राहायचं काही कारण नव्हतं. तोंडाला पावडर. पहिल्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पापड वाळत घालायला गच्चीवर आल्या आणि टाकीमागून पांढरं तोंड बाहेर आलं. पापडांचं ताट हातातून सुटलं, तेही मोबाईलमध्ये आलं.

"अहो, मेले असते ना मी!"

"मेला असतात तर बरं झालं असतं. पिक्चरमध्ये एक भूत कमीच पडतंय."

दूधवाला दारात काकांना पावडरीसकट पाहून म्हणाला, "क्या भिया, तबीयत तो ठीक है?" काकांनी त्याच्या दुधाकडे एक डोळा मिटून पाहिलं. तो निघून गेला.

एकेक दृश्य दहा-दहा वेळा. "रिजेक्ट. भूत चहा फुंकून पीत नाही."

"तुम्हीच फुंकला, काका," मुलगी म्हणाली.

"मग मी रिजेक्ट. परत."

ती हसायची. पण आजोबा वारल्याच्या दृश्यात तिचा चेहरा पाटीसारखा कोरा असायचा. काका तिथे रिजेक्ट म्हणत नसत. पुढचं दृश्य घेत.

शेवटच्या दृश्याचे संवाद मी फार मेहनतीने लिहिले होते. मुलगी म्हणते, "आजोबा, भूत नसतं. असते ती आठवण. तुम्ही निर्धास्त जा, मी रडणार नाही." मला ते इतके आवडले होते की मी घरी आरशासमोर म्हणून पाहिले. दुसऱ्यांवर चिडता चिडता मीही त्या पोरीला शहाणीच करून ठेवलं होतं, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

रविवारची दुपार होती. मी मोबाईल सुरू केला. मुलीने पहिलं वाक्य म्हटलं, "आजोबा, भूत नसतं." काका जायला उठले आणि मध्येच थांबले. सकाळी दोन कचोऱ्या खाल्ल्या होत्या. छाती चोळत म्हणाले, "थांब गं पाम्पलेट, जरा गॅस झालाय."

मुलीच्या हातातला संवादांचा कागद चुरगळला.

"गॅस नाहीये!" ती ओरडली. "तेव्हा पण गॅसच म्हणालात! मम्मी म्हणत होती डॉक्टरकडे चला. तुम्ही म्हणालात, गॅस आहे, ड्यूटी करून येतो. आलातच नाही! खोटं बोललात, पप्पा! मी दारात बसले होते. खोटारडे!"

कागदाच्या सुरळीने ती काकांना मारत सुटली. खांद्यावर, हातावर. मी पुढे झाले, तर काकांनी मला हातानेच थांबवलं. तिचा हात नीट पोचावा म्हणून ते खाली बसले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "जायला पाहिजे होतं डॉक्टरकडे."

"हो!"

"तुझं बरोबर आहे. माझंच चुकलं."

मग ती रडली. किती वेळ, मला सांगता येणार नाही. काकांच्या तोंडाची पावडर तिच्या फ्रॉकला लागली. माझ्या हातातला मोबाईल चालूच होता. तो बंद करायचं मला सुचलं नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे सुचलं होतं. मी केला नाही.

रात्रीपर्यंत माझी बाजू तयार होती. हे दृश्य सिनेमात राहिलंच पाहिजे. छातीत दुखणं अंगावर काढणारे किती बाप या एका दृश्याने सुधारतील! काकांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "माल आपला नाही, पाम्पलेट. आपण तपासायचा नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी मोबाईल मायलेकींच्या हातात दिला. "ठेवायचं की काढायचं, तुम्ही सांगा. घाई नाही."

दोन दिवसांनी मुलगी एकटीच आली.

"दिसू दे. ऐकू नको येऊ दे."

"का गं?" मी विचारलं.

"मी पप्पांना बोलत होते. सगळ्यांना नाही."

मी तिच्यासमोरच त्या दृश्याचा आवाज काढून टाकला.

गणपतीत हॉल भरला. पापडवाल्या काकू पहिल्या रांगेत, आपलं ताट पडताना पाहायला. लोक मनापासून हसले. मग शेवटचं दृश्य आलं आणि आवाज गेला. मुलगी ओरडतेय, सुरळीने मारतेय, ऐकू काहीच नाही. मागून आरडाओरड सुरू झाली, "भिया, आवाज! वायर देखो यार!" कुणीतरी स्पीकरवर थापही मारली.

काका उठून पडद्यापुढे उभे राहिले. "मशीन ठीक आहे. इथे आवाज नाहीच. नुसतं बघा."

लोक बघू लागले. तिची आई तोंडावर पदर धरून पडद्याकडे पाहत होती. तिथे काय बोललं गेलं ते हॉलमध्ये आम्हा चौघांनाच माहीत होतं. मुलगी माझ्या शेजारी बसून प्रसादाचा पेढा चाटत होती. "बघ," ती माझ्या कानात म्हणाली, "काकांना केवढ्याने लागलं असेल."

काका नंतर खरंच डॉक्टरकडे गेले. बायको होती तोवर ती सांगून थकली होती, त्यांची लेक फोनवर सांगून थकली होती. तपासण्या झाल्या, दोन गोळ्या लागल्या, कचोरी बंद झाली. मला म्हणाले, "पोरीने झापलंय. न जाऊन करतो काय?"

या वर्षी ते खातेगांवला लेकीकडे राहायला गेले. त्यांना एकटं राहू द्यायला लेक आता तयार नव्हती. सकाळी गाडी आली, सामान चढलं, अर्धी कॉलनी खाली जमली. मी निरोपाचं चार ओळींचं काहीतरी लिहून नेलं होतं, ते खिशातच राहिलं. कारण मुलगी शाळेचं दप्तर पाठीवर घेऊन सरळ गाडीसमोर येऊन उभी राहिली.

"तुमचे रिपोर्ट दाखवा."

"अगं, बांधलेत सगळे."

"दाखवा."

काकांनी पिशवी सोडली, फाइल काढली आणि गाडीच्या बॉनेटवर उघडून ठेवली. मुलगी एकेका पानावर बोट फिरवत गेली. तिला त्यातलं काय कळलं कोण जाणे. ड्रायव्हर घड्याळ पाहत होता. काका हात मागे बांधून, नव्या कामगारासारखे, मान खाली घालून उभे होते.

शेवटचं पान झालं. तिने फाइल मिटली, काकांच्या हातात दिली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "भिया, अब ले जाओ. धीरे चलाना."